वसई ते वॉल्मर, व्हाया भिवंडी

कल्याण-भिवंडीकडच्या ज्या घरांतली मुले इंग्लंडात नोकरीला आहेत, त्या घरांतले आईवडील हल्ली मे-जूनमध्ये बिनदिक्कत विमानात बसतात. लंडन दोन-तीन दिवसांत उरकते. मग एखाद्या शनिवारी मुलगा किंवा जावई सगळ्यांना गाडीत घालून समुद्रावर नेतो. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, डील नावाचे एक टुमदार गाव आहे. तिथला समुद्र पाहून आलेल्यांची पहिली तक्रार वाळूबद्दल असते. किनाऱ्यावर वाळू नाहीच, नुसते गोटे. चप्पल काढायची सोय नाही, भेळवाला नाही, आणि जूनमध्येही अंगात स्वेटर! पण किल्ले मात्र पाहावेत असे. डीलचा किल्ला गावातच आहे आणि किनाऱ्याच्या कडेकडेने अर्धा-पाऊण तास चालत गेले की वॉल्मरचा. आठव्या हेन्रीने १५३९-४० साली फ्रेंचांच्या आणि त्यांच्या कॅथलिक मित्रांच्या भीतीने ते बांधले. ती स्वारी त्याच्या हयातीत तिथे आलीच नाही. तिसरा सँडाऊनचा किल्ला होता, तो बहुतेक समुद्राने खाल्ला.

वॉल्मरच्या किल्ल्यात एक खोली फार निगुतीने राखलेली आहे. साधी लष्करी खाट, एक आरामखुर्ची, आणि ज्यांना त्याचेच नाव पडले ते बूट. हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८२९ पासून तो या किनाऱ्यावरच्या बंदरांचा मानाचा अधिकारी, लॉर्ड वॉर्डन होता, आणि १४ सप्टेंबर १८५२ रोजी वॉल्मरलाच, त्या खुर्चीत तो वारला. येणारा प्रवासी वॉटर्लूचे नाव मनाशी घेतो, नेपोलियनला आठवतो आणि पुढच्या दालनात जातो. आपली मंडळीही तसेच करतात. ज्याच्या खाटेपुढे आपण उभे आहोत त्याच्या नशिबाची एक मोठी गाठ आपल्याच घराजवळच्या खाडीवर बांधली गेली होती, हे तिथे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यात त्यांचा काय दोष? आपल्याला वसई शिकवली ती १७३९ ची. १८०२ ची वसई परीक्षेत एका गुणाला येते, ‘तैनाती फौज म्हणजे काय’ या प्रश्नात, आणि तिथेच संपते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. इंग्लंडचे किल्ले जरूर पाहा, पण जाण्याआधी किंवा परतल्यावर दोन दिवस काढून भिवंडीहून वसईपर्यंत जाऊन या. किल्ला आहे, समुद्र आहे, चप्पल काढून चालण्याजोगी वाळूही आहे. आणि वॉल्मरच्या त्या खोलीची अलीकडची अर्धी गोष्ट याच रस्त्यावर पडलेली आहे.

भिवंडीला सहलीचे गाव कोणी म्हणणार नाही. यंत्रमागांचा खडखडाट, गोदामांच्या रांगा, कंटेनरांची कोंडी हीच तिची ओळख झाली आहे. बाहेरचा माणूस बायपासवरूनच नाक मुरडतो. पण ठाण्याहून येताना कशेळीच्या पुलावर जरा खाली पाहावे. हे उल्हास नदीचे खाडीचे पाणी. कल्याणहून ते ठाण्यापर्यंत येते, तिथे त्याचा एक फाटा मुंबईकडे वळतो आणि दुसरा घोडबंदरवरून वसईला समुद्रात मिळतो. भिवंडी या पाण्याच्या आधारानेच वाढली. ऑक्टोबर १६५७ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, शिवाजी महाराजांच्या माणसांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि मराठ्यांचे राज्य पहिल्यांदा खाऱ्या पाण्याला टेकले. मागे सागवानाचे जंगल, पुढे खाडी. दोन वर्षांत इथे गलबते बांधली जाऊ लागली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात याची चांगलीच धास्ती दिसते. शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण आणि पनवेलला लढाऊ जहाजे बांधतो आहे, ती समुद्रात उतरू देऊ नयेत, असा हुकूम गोव्याहून वसईच्या कप्तानाला गेला. गंमत अशी की, या बांधणीवर महाराजांनी नेमलेला कसबी माणूसही पोर्तुगीजच होता, रुय लैताव व्हिएगस. वसईच्या कप्तानाने त्याची समजूत घातली आणि तो आपली माणसे घेऊन काम टाकून निघून गेला. काम त्यामुळे थांबले नाही, ही गोष्ट वेगळी.

भिवंडीच्या पाण्यात उतरलेले गलबत समुद्रावर जायचे तर वसईच्या तोफांखालून किंवा ठाणे-मुंबईच्या पाण्यातून. दोन्ही वाटांवर पोर्तुगीज. वसई मराठ्यांना का खुपत होती हे पुस्तकापेक्षा या पुलावर लवकर कळते.

पुढे वाड्याच्या रस्त्याला लागावे. या रस्त्याबद्दल न बोललेलेच बरे. जो भिवंडीचा आहे त्याला सांगायला नको आणि जो नाही त्याला पटायचे नाही. अणगाव-कवाड मागे पडले की दुगाड फाटा येतो. समोर गुमतारा. त्याच्यावर पाण्याची टाकी आणि थोडे तटाचे अवशेष एवढेच उरले आहे. चढ दमवणारा आहे, वाटा रानातून फुटतात, त्यामुळे गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. आपल्या सहलीसाठी वर जायची गरज नाही. फाट्यावर गाडी थांबवून डोंगर पाहिला तरी पुरे.

१७८० च्या डिसेंबरात इथे काय झाले ते फारच थोड्यांना ठाऊक असते. पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला होता आणि त्याची पाठ राखायला कर्नल हार्टले दुगाडच्या परिसरात उभा होता. वसईची सुटका करायला रामचंद्र गणेश मोठी फौज घेऊन घाटावरून उतरले. १२ डिसेंबरला सकाळी दाट धुके होते. त्या धुक्याच्या आडोशाने त्यांनी हार्टलेच्या मोर्च्यांवर चाल केली. धुके अचानक विरले, मराठे उघड्यावर सापडले आणि पुढे होऊन लढणारे रामचंद्र गणेश गोळी लागून पडले. त्यांच्या पायदळावर नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता, तोही जखमी झाला. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ज्या पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्यांच्यातलाच एक जण ती राखण्यासाठी मराठ्यांच्या बाजूने लढला. आणि ज्या वसईसाठी हे सगळे चालले होते ती आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, गॉडर्डच्या हाती पडली होती.

शाळेच्या सहली या फाट्यावरून पुढे वज्रेश्वरीला जातात. थांबत नाहीत. विजयाच्या जागी थांबायचे आणि पराभवाच्या जागेवरून गाडी दामटायची, ही आपली जुनी खोड आहे. सोसायटीच्या सहलीत ती चालून जाते. इतिहासाच्या बाबतीत ती महागात पडते, कारण मग १७३९ नंतर एकदम १८१८ येते आणि मधले सगळे कसे झाले याचा पत्ता लागत नाही.

वज्रेश्वरीत मात्र थांबावेच. रस्ता काही इतिहासाच्या क्रमाने जात नाही. दुगाडच्या १७८० मधून आपण आता मागे, १७३९ मध्ये येतो. वसईच्या मोहिमेवर जाताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि वसई हाती आल्यावर तो फेडला, तेच हे देऊळ. बांधले ते सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे. देऊळ टेकाडावर आहे आणि बाहेरून एखाद्या लहान गढीसारखे दिसते. बावन्न पायऱ्या चढून नगारखान्यातून आत जायचे. जवळच अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. घरात गुडघेदुखीवाले असतील तर सहलीचा तासभर तिथे जाणार हे गृहीत धरावे.

वज्रेश्वरीहून पारोळमार्गे महामार्ग ओलांडून वसईला पोचता येते. भिवंडी रोड स्थानकावरून दिवा-वसईची गाडीही आहे, पण तिच्या फेऱ्या इतक्या थोड्या की वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. शिवाय गाडीने गेलात तर दुगाड आणि वज्रेश्वरी दोन्ही चुकतात.

वसईच्या किल्ल्याला निदान अर्धा दिवस द्या. हा किल्ला वॉल्मरचा समवयस्क आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि १५३६ च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. आतला बालेकिल्ला सर्वांत जुना. बाहेरचा मोठा तट नंतरचा. दोघांतला फरक मुलांना दाखवण्यासारखा आहे. वॉल्मर आणि डीलचे बुरूज गोल, पाकळ्यांसारखे आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी पोचलेला शत्रू बाजूच्या बुरुजावरून नीट दिसत नाही. वसईच्या बाहेरच्या तटाचे बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनाचे आहेत, त्यामुळे तटाचा बहुतेक प्रत्येक हात दुसऱ्या बुरुजाच्या माऱ्यात येतो. हे शास्त्र इटलीत घडले आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या खाडीवर आले. अशा दहा बुरुजांच्या आत सुमारे ११० एकरांचे एक शहरच होते. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील प्रांताची ही राजधानी.

आता आत नारळी-पोफळी, वडाच्या मुळांनी कवटाळलेल्या भिंती आणि छप्पर नसलेली चर्चे आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. अक्षरे पायांखाली येतात, जरा जपून चालावे. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी बाजू अजून डौलात उभी आहे. गोन्सालो गार्सिया हा वसईचा मुलगा. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर ठार केले आणि १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. वसईकर त्याचा सण आजही मनापासून करतात. जवळच चिमाजी अप्पांचे स्मारक आहे आणि देवळेही आहेत. मधून सरळ रस्ता कोळीवाड्याकडे आणि धक्क्याकडे जातो, त्यामुळे मासळीच्या पाट्या, शाळेची पोरे आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी असे सगळे मिळून हा किल्ला नांदता आहे. वॉल्मरला हिरवळीवर पाय ठेवायचा की नाही याचा विचार करावा लागतो. इथे म्हशी बसतात. मला स्वतःला ते फारसे खटकत नाही. भिंतींवर कोरलेली नावे मात्र खटकतात.

सेंट सेबास्टियनच्या बुरुजाकडे गेल्याशिवाय परतू नये. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी गेली, मार्च १७३९ मध्ये खाडीपलीकडची धारावी गेली आणि वसईची रसद तुटली. मग याच बाजूने मराठ्यांनी सुरुंग लावले. काही उलटे फुटले, आपलीच माणसे दगडांखाली गेली. तट फुटल्यावरही पोर्तुगीजांनी खिंडार लढवले. माझे डोके तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात पाडा, हे चिमाजी अप्पांच्या तोंडचे वाक्य आख्यायिका असेल, पण वेढा इतका अवघड होता हे खरे. मे १७३९ मध्ये किल्ला हाती आला. शरण आलेल्यांना शस्त्रांसह, मानाने जाऊ दिले गेले. इथल्या चर्चच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटा आज भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि मेणवलीच्या घाटावर आहेत.

बहुतेक माहितगार इथे गोष्ट संपवतात. ती पुढे न्यावी. गॉडर्डने घेतलेली वसई १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. मग ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव कोकणात पळाले. इंग्रजांच्या जहाजातून ते डिसेंबरात उतरले ते वसईला. चुलत आजोबांनी जिंकलेल्या ठाण्यात त्यांच्याच घराण्यातला पेशवा आश्रयाला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तहावर सही केली. सहा हजारांची इंग्रज फौज कायम पदरी, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध नाही की बोलणी नाहीत.

त्या वेळी गव्हर्नर जनरल होता रिचर्ड वेलस्ली. बाजीरावांना परत गादीवर बसवायला त्याने आपल्या धाकट्या भावाला, आर्थरला, फौज देऊन धाडले. तो एप्रिल १८०३ मध्ये पुण्यात आला, मेमध्ये पेशवे गादीवर बसले. शिंदे आणि भोसल्यांना हा तह मान्य होणे शक्यच नव्हते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, असईला आर्थर वेलस्लीने त्यांचा पराभव केला. वसईतल्या सहीपासून असईच्या रणापर्यंत नऊ महिनेसुद्धा लागले नाहीत. म्हातारपणी त्याला विचारले की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तेव्हा वॉटर्लू सोडून त्याने असईचे नाव घेतले, असे सांगतात. वॉल्मरच्या खुर्चीत वारलेला ड्यूक तो हाच. बाजीराव त्याच्या आधी वीसेक महिने, जानेवारी १८५१ मध्ये, गंगेकाठी ब्रह्मावर्तास वारले होते.

संध्याकाळी धक्क्यावर जावे. समोर खाडीचे मुख, पलीकडे भाईंदर. २०२४ मध्ये या पाण्यावर गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. मुलांना ती किल्ल्यापेक्षा जास्त आवडते. मुक्काम करायचा तर सुरूच्या बागेकडचा किंवा रानगावचा किनारा बरा. बाजारात सुकेळी मिळाली तर घ्यावी.

दुसऱ्या दिवशी विरारवरून अर्नाळा. गावाच्या किनाऱ्यावरून होडी बेटावर नेते. पावसाळ्यात जाऊ नये, आणि भरती-ओहोटीची वेळ होडीवाल्याला विचारून ठेवावी. तो सांगेल ती वेळ अखेरची. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, किल्ल्यात गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे. मराठ्यांनी हे ठाणे १७३७ मध्ये घेऊन नव्याने बांधले. दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरले आहेत, वर देवनागरीतला शिलालेख आहे. त्यात बाजीरावांचे नाव आहे, अर्थात पहिल्या, आणि ज्यांना हा किल्ला बांधायची आज्ञा झाली त्या शंकराजींचे. वज्रेश्वरीचे देऊळ बांधणारे ते हेच. अक्षरे झिजली आहेत, पण सकाळचे तिरपे ऊन पडते तेव्हा चौथी-पाचवीतले पोरसुद्धा ती नावे बोट ठेवून लावते.