वी कोमे इश त्सुम बानहोफ?

काशीनगरीत बारमाही परदेशी प्रवाशांचा राबता असतो. त्यांत जर्मनांची संख्या लक्षणीय आहे. घाटांवर जर्मन बोलणारे मार्गदर्शक सहज भेटतात आणि बनारस हिंदू विद्यापीठात तर या भाषेचा स्वतंत्र विभागच आहे. या पाहुण्यांच्या तोंडी हटकून येणारे वाक्य म्हणजे ‘वी कोमे इश त्सुम बानहोफ?’ अर्थात, स्थानकावर कसे जायचे? गंमत अशी, की जर्मन मनुष्य स्थानकाकडे ‘जात’ नाही, ‘येतो’; शब्दशः त्याचा प्रश्न ‘मी स्थानकाकडे कसा येतो?’ असा आहे.

ही भाषा क्लिष्ट असल्याचा लौकिक आहे; परंतु मराठी माणसाने त्याला फारसे भिऊ नये. जर्मनमध्ये आपल्याप्रमाणेच तीन लिंगे आहेत. स्थानक पुल्लिंगी म्हणून ‘त्सुम बानहोफ’, थांबा स्त्रीलिंगी म्हणून ‘त्सुर हाल्टेश्टेले’. गावाचे नाव आले की ‘नाख’. म्हणजे ‘नाख म्युन्शन’, म्युनिचला. दोनच लिंगांवर भागवणाऱ्या आमच्या हिंदीभाषक सहकाऱ्यांना नपुंसकलिंग समजावून सांगताना मात्र दमछाक होते!

आकड्यांत तर खरे नाते आहे. चोपन्न क्रमांकाच्या बसला जर्मन ‘चार आणि पन्नास’ म्हणतो. एकक आधी, दशक नंतर. आपलेही तसेच, पण इंग्रजी वळणाचा कान आधी चार ऐकून पंचेचाळीस क्रमांकाच्या बसकडे धावतो. वेळेच्या बाबतीत याहून मोठा घोटाळा संभवतो. ‘हाल्प ड्राय’ म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’. साहेबी इंग्रजीच्या सवयीने त्याचा अर्थ साडेतीन घेतला, तर गाडी तासापूर्वीच सुटलेली असेल, कारण जर्मनाच्या लेखी ते अडीच आहेत. आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृत ‘अर्धतृतीय’ म्हणजे ‘तिसरा अर्धा’ यावरूनच आला आहे. दोन पूर्ण, तिसरा अर्धा! हिशेबाच्या या समान रीतीचे मला वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून विशेष कौतुक वाटते.

आता पाहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर. जर्मनीतील बहुतेक मोठ्या शहरांत एक ‘हाउप्टबानहोफ’, म्हणजे मुख्य स्थानक असते, त्यामुळे त्याच्या मनात शंका नसते. वाराणसीत मात्र ‘कोणते स्थानक?’ असा प्रतिप्रश्न करावा लागतो. वाराणसी जंक्शनला सारे गाव ‘कँट’ म्हणते. ‘वाराणसी सिटी’ निराळे. ‘बनारस’ नावाचे स्थानक म्हणजे पूर्वीचे मंडुवाडीह, ज्याचे नामांतर २०२१ साली झाले. गंगेपलीकडील मुगलसराय २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आहे. जुनी मार्गदर्शक पुस्तिका हाती असलेला प्रवासी येथे हमखास गोंधळतो, आणि चुकीच्या स्थानकावर पोचला तर बनारसच्या रहदारीतून दुसरे गाठेपर्यंत गाडी गेलेली असते. म्हणून तोंडी दिशा सांगण्याआधी तिकीट पाहावे. बीएसबी म्हणजे कँट, बीएसबीएस म्हणजे बनारस, डीडीयू म्हणजे गंगेपलीकडचे.

जर्मन पाहुणे सारनाथचा रस्ताही विचारतात. आपण दररोज हाताळतो त्या नोटांवरील सिंहमुद्रेचे मूळ शिल्प तेथे उजेडात आणले ते १९०४-०५ च्या उत्खननात, फ्रीड्रिश ऑस्कर ओर्टेल या अभियंत्याने. आणि त्याचा जन्म जर्मनीतील हानोव्हरचा! हे सांगितले की पाहुण्याची कळी खुलते.

हाच प्रश्न तिकडे जाऊन विचारण्याची वेळ आता अनेक मराठी घरांतील मुलांवर येते. महाराष्ट्र शासन व बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी २०२४ साली करार झाला. शिक्षणासाठी जाणाऱ्यांना निर्वाहनिधीचा पुरावा म्हणून बहुधा वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. त्याची चौकशी करण्यास आलेल्या पालकांना मी दोन शब्द आवर्जून सांगतो. पहिला ‘उमश्टायगन’, म्हणजे गाडी बदलणे. ‘वो मुस इश उमश्टायगन?’ एवढे विचारता आले तरी निम्मा प्रवास सुकर होतो. दुसरा ‘एन्टव्हेर्टन’. तेथील फलाटांवर बहुधा अडवणारे फाटक नसते; तिकीट घेऊन ते अनेक ठिकाणी यंत्रात स्वतः मुद्रांकित करावे लागते. ते राहिले तर तिकीट खिशात असूनही तपासनीस ६० युरो दंड करू शकतो. ‘ठाऊक नव्हते’ ही सबब सहसा चालत नाही.

आणि उच्चार साधलाच नाही तर? आमच्या शाखेत एकदा एक वृद्ध जर्मन दांपत्य नोटा बदलून घेण्यास आले. निघताना त्यांनी तोच प्रश्न केला. रोखपालांनी तिकीट पाहून एका चिठ्ठीवर नागरीत ‘कँट स्टेशन’ असे लिहिले, खाली रोमन लिपीतही लिहिले आणि ठरलेले भाडे आकड्यांत नोंदवले. बाहेरच्या रिक्षावाल्याने चिठ्ठी वाचली, भाड्यावर क्षणभर नाक मुरडले आणि म्हणाला, “बैठिए, माताजी.”