बेंगळुरू–चिक्कबळ्ळापूर–कोलार : अरुंद रुळांचा मार्ग

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये ज्या ७६२ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच फुटांच्या रुळांवरून धावू लागली, त्याच मापाचे रूळ पुढे मैसूर संस्थानाच्या पूर्व भागातही अंथरले गेले. बौरिंगपेट (आजचे बंगारपेट) ते कोलार हा त्यातील पहिला तुकडा १९१३ मध्ये, तर बेंगळुरूकडून चिक्कबळ्ळापूरला जाणारा तुकडा १९१५ मध्ये सुरू झाला. पुढे शिडलघट्टा, चिंतामणी आणि श्रीनिवासपूरमार्गे दोन्ही टोके जोडली गेली आणि येलहंका ते बंगारपेट असा सुमारे दीडशे किलोमीटरचा सलग मार्ग तयार झाला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या दिवाणपदाच्या (१९१२–१९१८) काळात हे दोन्ही तुकडे खुले झाले, आणि त्यांचे जन्मगाव मुद्देनहळ्ळीही चिक्कबळ्ळापूरजवळचेच. मराठी वाचकाला हा मुलूख अनोळखी नाही. विजापूर दरबाराकडून शहाजीराजांना मिळालेल्या जहागिरीत बेंगळुरूबरोबर कोलारचाही समावेश होता.

लाइट रेल्वे म्हणजे हलके रूळ, अरुंद मार्ग आणि त्यामुळे कमी भराव, लहान पूल व अधिक तीव्र वळणे घेता येतील अशी स्वस्त रेल्वे. मुख्य मार्गाचा खर्च परवडणार नाही, पण बैलगाडीने भागणारही नाही, अशा तालुक्यांसाठी ती सोयीची होती. शिडलघट्ट्याचे रेशीम, श्रीनिवासपूरचे आंबे आणि चिंतामणीच्या बाजारातील माल पाहता ही निवड चुकीची म्हणता येत नाही. मात्र तिच्यातच एक दोष दडलेला होता. बंगारपेटला मद्रास–बेंगळुरू हा १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज मार्ग होता, तर येलहंक्याला एक मीटर रुंदीचा मीटरगेज मार्ग. त्यामुळे एकाच लहानशा मार्गाच्या दोन टोकांना दोन निरनिराळी मापे भिडत होती आणि तिसरे त्याचे स्वतःचे होते. वाघिणी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेता येत नसल्याने पुढे जायचा माल जंक्शनवर एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. या चढ-उतारीत हमाली, वेळ आणि नुकसान असे तिहेरी ओझे पडे. आंब्यासारख्या नाशवंत मालाला ते अधिकच जाचक. शेताच्या बांधावरून थेट बाजारात पोहोचणारा ट्रक आल्यावर ही रेल्वे मागे पडली तर नवल नव्हते, आणि या ऱ्हासाचे खापर केवळ गाडीच्या संथपणावर फोडणे अपुरे ठरते.

मैसूर स्टेट रेल्वे १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली, पण मार्गाचे माप बदलले नाही. १९९२ पासून भारतीय रेल्वेने देशभर एकच माप आणण्याची 'युनिगेज' योजना हाती घेतली, तेव्हा या मार्गाचे भवितव्य ठरले. येलहंका–चिक्कबळ्ळापूर टप्प्याचे रुंदीकरण त्याच दशकात झाले. चिक्कबळ्ळापूर–कोलार टप्प्याला मात्र बरीच वाट पाहावी लागली आणि तेथे ब्रॉडगेजची गाडी २०१३ मध्ये धावली. मधल्या काळात एका पिढीने प्रवासाचा ताळमेळ बसशी जुळवून टाकला होता, म्हणून रूळ परत आले तरी प्रवासी त्याच वेगाने परतले नाहीत.

जुन्या मार्गाच्या खुणा आज रुळांपेक्षा स्थानकांत अधिक दिसतात. नंदी टेकड्यांच्या पायथ्याचे नंदी हॉल्ट, तसेच दोड्डजाला, देवनहळ्ळी आणि आवतीहळ्ळी येथील दगडी भिंतींच्या व कौलारू छपरांच्या छोटेखानी इमारतींची डागडुजी करण्यात इंटॅक या वारसा-जतन संस्थेच्या बेंगळुरू शाखेने पुढाकार घेतला. दरम्यान २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच्यासाठी याच मार्गावर एक थांबा देण्यात आला. तेथे उतरलेल्या प्रवाशाला टर्मिनलपर्यंत मात्र बसनेच जावे लागते.