दाह शमतो तेव्हा पेशींमध्ये काय घडते?

जखमेभोवती येणारी लाली, सूज, ऊब आणि ठणका ही लक्षणे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच निर्माण केलेली असतात. ऊतींना इजा झाली किंवा जंतूंचा शिरकाव झाला की तेथे मुक्कामी असलेल्या महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळून पचविणाऱ्या पांढऱ्या पेशी, सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यामुळे जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती चिकट होतात आणि रक्तातून वाहणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी त्या भिंतींना धरून, मग त्यांतून वाट काढून इजेच्या जागी पोहोचतात. दाहशामक औषधे या साखळीतील एखाद्या कडीवर काम करतात, आणि ती कडी कोणती यावर औषधाचा गुण व त्याचा धोका हे दोन्ही अवलंबून असतात.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांची कडी तुलनेने साधी आहे. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. वेदना, ताप आणि सूज यांना प्रोस्टाग्लँडिन कारणीभूत असल्याने ती उतरतात. मात्र प्रतिकार पेशींची संख्या आणि जंतू मारण्याची त्यांची क्षमता यांत नेहमीच्या मात्रेने फारसा फरक पडत नाही. जठराचे अस्तर आणि मूत्रपिंड यांना या गोळ्यांपासून असलेला धोका खरा आहे, पण तो वेगळा विषय आहे.

स्टेरॉइड मात्र थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत जातात. अधिवृक्क ग्रंथींतून रोज स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या धर्तीची ही औषधे आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये, एडवर्ड केंडॉल यांनी वेगळे काढलेले कॉर्टिझोन संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला दिले आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. दोनच वर्षांनी या दोघांना टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह नोबेल मिळाले. स्टेरॉइडचा रेणू पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो, पेशीद्रवातील ग्राहक प्रथिनाला जोडला जातो आणि ही जोडी केंद्रकात जाऊन जनुकांच्या कामात हस्तक्षेप करते. सायटोकाइन तयार करण्याचे आदेश देणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा घटक तेथे निष्प्रभ होतो, तर दाह आवरणाऱ्या प्रथिनांची निर्मिती वाढते. या साऱ्याला काही तास लागतात, म्हणूनच स्टेरॉइडचा पूर्ण परिणाम दिसायला वेळ जातो.

याचे पडसाद प्रत्येक जातीच्या पेशीत निराळे उमटतात आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. न्यूट्रोफिलांना रक्तवाहिनीच्या भिंतीवर पकड घेता येत नाही, त्यामुळे त्या ऊतींत उतरण्याऐवजी रक्तातच फिरत राहतात. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो, तो नवा संसर्ग वाटू शकतो, प्रत्यक्षात जेथे त्यांची गरज असते तेथे त्या कमीच पोहोचलेल्या असतात. लिम्फोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींचे याच्या उलट होते. एका मात्रेनंतर चार ते सहा तासांत त्यांची रक्तातील संख्या घटते, कारण बऱ्याच पेशी अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी परततात आणि काही नष्ट होतात. साधारण दिवसभरात ती पूर्ववत होते. महाभक्षी पेशी मृत पेशींची साफसफाई अधिक जोमाने करू लागतात, परंतु गिळलेला जंतू मारण्याची त्यांची ताकद मंदावते. प्रतिकारशक्ती ‘कमी होते’ असे सरसकट म्हटले जाते. तिची पुनर्रचना होते असे म्हणणे अधिक अचूक ठरेल, आणि रुग्णाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

कोविडच्या काळात तो प्रत्यक्ष दिसला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले. त्या चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले होते. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांपैकी नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्के होते, तर डेक्सामेथासोन मिळालेल्यांत ते २९.३ टक्के होते. ज्यांना प्राणवायूचीही गरज नव्हती त्यांना मात्र या औषधाचा काहीच लाभ झाला नाही. पहिल्या काही दिवसांत विषाणूचा फैलाव थोपविण्यासाठी लिम्फोसाइट पेशींची नितांत गरज असते. आजार बळावल्यावर फुप्फुसाचे नुकसान मोठ्या प्रमाणात अनावर दाहामुळे होते. एकच गोळी पहिल्या टप्प्यात वैऱ्याला मोकळीक देणारी आणि दुसऱ्या टप्प्यात जीव वाचविणारी ठरू शकते.

हे भान सुटल्याची किंमत २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने फार जबर मोजली. म्युकरमायकोसिस घडविणाऱ्या बुरशीचे बीजाणू माती-हवेत सर्वत्र असतात आणि निरोगी माणसाच्या नाकात व फुप्फुसात महाभक्षी पेशी व न्यूट्रोफिल त्यांना रुजूच देत नाहीत. स्टेरॉइडने या दोन्ही फळ्या दुबळ्या होतात, शिवाय रक्तातील साखर चढते. आधीच अनियंत्रित मधुमेह आणि त्यावर कोविड असलेल्या शरीरात बुरशीला रान मोकळे मिळाले. अनेकांचे डोळे आणि जबडे शस्त्रक्रियेने काढावे लागले, कित्येकांचे प्राण गेले, आणि त्या मे महिन्यात केंद्र सरकारने या आजाराची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. अकारण, लवकर किंवा जास्त मात्रेत दिलेली स्टेरॉइड हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते, पण टाळता येण्याजोगे होते.

संधिवातावरील काही जैविक औषधांनी तर टीएनएफ या एकाच सायटोकाइनला लक्ष्य केले. हेच सायटोकाइन क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचे कडे टिकवून धरते. ते रोखले की कडे ढासळते आणि वर्षानुवर्षे सुप्त असलेला क्षय उफाळू शकतो. भारतात असंख्य लोकांच्या शरीरात हा जंतू सुप्तावस्थेत असल्याने ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करणे अनिवार्य मानले पाहिजे.

जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि सांधेदुखीवर मिळणाऱ्या निनावी पुड्या, ज्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, या दोहोंपासून वाचकांनी दूर राहावे. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड काही आठवडे चालू असेल तर ते मनाने एकदम थांबवू नये, कारण तोवर अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे कॉर्टिसॉल बनविणे कमी केलेले असते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवावी, आणि लस घेण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध चालू असल्याचे आवर्जून सांगावे.