परीक्षेचा ताण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी जवळ आला की छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमधले दिवे रात्री उशिरापर्यंत जळू लागतात. इथल्या विभागीय मंडळाखाली छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे पाच जिल्हे येतात. त्यांतल्या गावागावांतून कित्येक मुलं बारावी, नीट, जेईईसाठी शहरात खोली घेऊन राहतात. डबा मेसचा, अभ्यास क्लासचा आणि काळजी मात्र एकट्याची. घरचे फोनवर सल्ले देतात, ते मायेपोटीच. पण त्यातले काही सल्ले ताण हलका करण्याऐवजी वाढवतात. म्हणून नेहमी कानावर पडणारी ही वाक्यं एकदा तपासून घेऊ.

गैरसमज : ताण आला म्हणजे तयारी कच्ची आहे.

वस्तुस्थिती : चांगला अभ्यास झालेल्या मुलाच्याही पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. महत्त्वाचं काम समोर दिसलं की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं आणि लक्ष एकवटतं. थोडा ताण कामाला मदत करतो, तो अति झाला की आठवलेलंही निसटतं. धडधड वाढली तर ‘शरीर पेपरच्या तयारीला लागलंय’ असं स्वतःला सांगा. श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते. पेपर हातात पडल्यावर सोप्या प्रश्नापासून सुरुवात करा. मंडळाने 2023 पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत, तेव्हा अवघड प्रश्नाकडे परत यायला वेळ मिळतो.

गैरसमज : रात्री जागल्याशिवाय मार्क पडत नाहीत.

वस्तुस्थिती : दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. तेरा ते अठरा वयोगटाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवतं, त्यामुळे लवकर झोप न येणं हा आळस नव्हे. पण रात्री अकराला घेतलेला चहा तीही झोप पळवतो, कारण त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनंतरही अंगात असतं. पेपरच्या आदल्या रात्री दोन धडे कमी झाले तरी चालतील, झोप कमी करू नका.

गैरसमज : पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं की लक्षात राहतं.

वस्तुस्थिती : वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 56 टक्के. म्हणून धडा मिटा आणि कोऱ्या कागदावर उतरवून बघा. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. काय येतं आणि काय येत नाही हे कळलं की मनातली धूसर भीती बरीच कमी होते, कारण उरलेलं काम मोजता येतं.

गैरसमज : दहावी-बारावीत घसरलं की सगळं संपलं.

वस्तुस्थिती : दहावीची टक्केवारी जास्त गुणांच्या पाच विषयांवर काढली जाते. नापास मुलांची पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये व्हायची, ती आता जून-जुलैमध्ये होते, त्यामुळे वर्ष वाचू शकतं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीतून अकरावीला प्रवेश मिळू शकतो. गुण कमी वाटले तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या वाटाही आहेत. हे सगळं निकालाच्या दिवशी नाही, परीक्षेच्या आधीच घरात बोलून ठेवा. परतीचा रस्ता माहीत असलेलं मूल पेपरला मोकळ्या मनाने बसतं.

गैरसमज : समुपदेशकाकडे गेलं म्हणजे डोक्यात काहीतरी बिघाड आहे.

वस्तुस्थिती : ताप उतरत नसेल तर आपण डॉक्टरकडे जातो, इतकीच ही साधी गोष्ट आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण बिघडलं, मूल खोलीत कोंडून घेऊ लागलं, सारखं रडू लागलं, तर थांबू नका. परीक्षेच्या काळात मंडळ जिल्हानिहाय समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. शहरात असाल तर घाटी रुग्णालयातही जाता येतं. ‘टेली-मानस’चा 14416 हा मोफत नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, तो चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गैरसमज : ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं विचारलं तर तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल.

वस्तुस्थिती : विचारल्याने तो विचार येत नाही. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं मुलाला उतरवता येतं. ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं मूल एकदा जरी म्हणालं तरी ते नाटक समजू नका. शांतपणे, थेट विचारा, मध्ये न तोडता ऐका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञांची मदत घ्या.

आईबाबांनो, आज रात्री लेकराला फोन कराल तेव्हा ‘अभ्यास किती झाला?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. ‘जेवलास का? झोप नीट होते का?’ एवढं आधी विचारा. आणि मुलांनो, खरं उत्तर द्या. मन घाबरलं असेल तर ‘घाबरलोय’ असं सांगायला कसलीही लाज नाही.