आयर्विनला किती?

जुलै-ऑगस्टात सांगलीत सकाळी दोन ओळखीची माणसं भेटली की तब्येतीची विचारपूस मागे पडते. "आयर्विनला किती?" एक विचारतो. "छत्तीस. चढतंय," दुसरा सांगतो आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. बाहेरगावच्या माणसाला यातून काहीच उमगणार नाही. सांगलीकराला मात्र बरंच कळलेलं असतं. दत्तनगरात सामान हलवायची धांदल सुरू असणार, कर्नाळ रस्त्यावरून दुचाकी घालण्यात अर्थ नाही, आणि मारुती चौकातला दुकानदार एव्हाना पोती मोजत असणार.

लहान शहराच्या स्थानिक पानावर एरवी ठरावीक ऐवज असतो. निधन वार्ता आणि रक्षाविसर्जनाची वेळ, उद्या पाणी कुठल्या भागात येणार नाही, हळदीच्या सौद्याला काय दर निघाला, कुठल्या मंडळाची कार्यकारिणी बदलली. या बातम्या ज्याच्या त्याच्यापुरत्या असतात. पण पावसाळ्यात सांगलीत एक बातमी अशी असते, जी गणपती पेठेतला व्यापारी, सांगलीवाडीचा शेतकरी आणि विश्रामबागेतला निवृत्त मास्तर तिघंही आधी वाचतात. ती एका आकड्याची असते.

हा आकडा ज्या पुलावर मोजला जातो तो आयर्विन पूल सांगली संस्थानच्या काळातला. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन संस्थानाधिपती असताना दगडी कमानींचा हा पूल उभा राहिला आणि १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तो खुला झाला. साहेब गेले, संस्थान गेलं, पुलाचं नाव मात्र राहिलं. अलीकडे शेजारी नवा पूल झाला, तरी पाणी मोजायचं ते आयर्विनलाच. एका काठाला सांगली, दुसऱ्या काठाला सांगलीवाडी, मधे कृष्णा आणि पुलाच्या खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे. देशानं मीटर-लिटरची मापं स्वीकारून सहा दशकं उलटली, पण सांगलीत कृष्णा अजून फुटांतच मोजली जाते.

४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. टीव्हीवर "सांगलीत पाणी ४५ फुटांवर" अशी पट्टी सरकली की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे घाबरेघुबरे फोन सुरू होतात. ४५ फूट म्हणजे चार मजली इमारत बुडाली, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात हे माप पुलाजवळच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचं असतं, रस्त्यावरचं नव्हे. आकडा ४५ असतो तेव्हा एखाद्या गल्लीत गुडघाभर पाणी असतं, एखाद्या गल्लीत छातीभर, आणि शहराच्या पूर्वेला माणसं छत्री घेऊन भाजी आणायला निघालेली असतात.

घराघराचा आकडा

सांगलीतल्या पूरपट्ट्यात जवळजवळ प्रत्येक घराला स्वतःचा एक आकडा असतो. तो घरपट्टीच्या पावतीवर लिहिलेला नसतो, पण घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या सखल वस्त्यांत नदी इशारा पातळी गाठण्याआधीच शिरते. मग मारुती चौक, टिळक चौक, शिवाजी मंडईचा परिसर, गावभाग आणि पुढं बाजारपेठा यांची पाळी येते. "आमच्याकडं त्रेचाळीसला येतं," असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता साधारण कळतो.

म्हणून एकच बातमी हजार घरांत हजार तऱ्हांनी वाचली जाते. ज्याचा आकडा ३५ आहे तो ३२ ला गॅसची टाकी आणि कपाटाचे खालचे खण रिकामे करतो. ज्याचा ४८ आहे तो त्याच वेळी सहकुटुंब पूर बघायला पुलावर गेलेला असतो. सांगलीत पूर बघणं हा एक कार्यक्रमच आहे. भडंगाच्या पुड्या घेऊन लोक कठड्याला रेलतात, पट्टीचे पोहणारे पुलावरून उड्या टाकतात आणि पोलीस दोघांनाही हटकत राहतात.

पाणी वाढू लागलं की स्थानिक पानावरच्या बाकीच्या बातम्याही या आकड्याच्या तालावर हलायला लागतात. नदीकाठची अमरधाम स्मशानभूमी पाण्याखाली जाते. मग निधनवार्तेत अंत्यसंस्काराचं ठिकाण बदलतं. सरकारी घाट दिसेनासा होतो. शाळांना सुट्टी पडते आणि त्यातल्याच काही शाळा पूरग्रस्तांच्या छावण्या होतात. नदी पात्राबाहेर पडली की मगरीही पडतात, आणि भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या काठावर "मगर दिसली" ही बातमी दरवर्षी नव्यानं छापली जाते.

पाणी येतं कुठून

हा आकडा घडतो मात्र सांगलीच्या बराच वर. महाबळेश्वराहून निघालेल्या कृष्णेला कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना समोरासमोर येऊन भिडते. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. धरण भरत आलं आणि घाटमाथ्यावर पाऊस थांबेना, की दरवाजे उचलावे लागतात. मग दुसरं माप बोलण्यात येतं ते क्युसेकचं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. सलग एक दिवस १ लाख क्युसेकनं पाणी वाहिलं तर ते ८.६४ टीएमसी भरतं. म्हणजे बारा-साडेबारा दिवसांत अख्खं कोयना धरण पुलाखालून जाईल, असा तो वेग.

कोयनेचं पाणी सुटलं म्हणून लगेच सांगलीत येत नाही. ते पाटण, कराड करत खाली उतरतं आणि वाटेत त्याची नोंद होत जाते. कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, मग आयर्विन, त्याखाली अंकली पूल आणि म्हैसाळ बंधारा. जिल्हा प्रशासनाच्या पूरपत्रकात ही नावं एकाखाली एक अशी मांडलेली असतात आणि जाणकार सांगलीकर ते पत्रक आगगाडीच्या वेळापत्रकासारखं वाचतो. ताकारीला चढत असेल तर आपल्याकडं उतार पडणार नाही. भिलवडीला थांबलं असेल तर आज रात्री झोपायला हरकत नाही.

गुंतागुंत मात्र पुलाच्या खाली आहे. सांगलीला लागूनच हरिपूरला वारणा कृष्णेत मिसळते. चांदोलीचं वारणा धरण ३४ टीएमसीचं. वारणा जोरात असली की कृष्णेच्या पाण्याला पुढं सरकायला जागा राहत नाही आणि ते मागं फुगतं. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येते, तीही भरलेली असली की फूग वाढते. म्हणूनच कधीकधी कोयनेचे दरवाजे खाली येऊनही आयर्विनचा आकडा हटत नाही आणि चहाच्या टपरीवर "आता का उतरंना?" हा वाद रंगतो. वाद रंगला की तो सीमा ओलांडून अलमट्टीपर्यंत जातो. कर्नाटकातल्या या धरणात आज ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवलं जातं. ती उंची ५२४.२५६ मीटर करायची कर्नाटकाची तयारी आहे आणि सांगली-कोल्हापुरात त्याला कडाडून विरोध आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०२० मध्ये तिचा अहवालही आला. तरी टपरीवरचा वाद मिटलेला नाही. नदीकडं बोट दाखवताना शहराकडंही दाखवावं लागतं. नैसर्गिक नाले आणि पाणी मुरायच्या सखल जागा बुजवून त्यांवर उभी राहिलेली बांधकामं नदीनं आणलेली नाहीत.

आठवणीचा दगा

आकडा खरा असूनही बातमी फसते कशी, हे सांगली २०१९ मध्ये शिकली. त्याआधीचा मोठा पूर २००५ चा. तेव्हा आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी होतं. त्यानंतर शहरानं त्या पुराला मोजपट्टी मानलं. कुणी जोतं २००५ च्या खुणेवर नेलं, कुणी दुकानातला माळा त्या हिशेबानं बांधला. "पाचला इथं आलं नव्हतं" हे वाक्य म्हणजे वस्तीला मिळालेलं हमीपत्रच झालं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५३ ला थांबलं नाही. ते ५७ फुटांच्या वर गेलं. फरक चार फुटांच्या आतबाहेरचा. पण फूट मोजतात उंचीनं आणि पाणी पसरतं आडवं. सपाट शहरात हे चार फूट कित्येक गल्ल्या आत शिरले. पहिल्या मजल्यावर सुरक्षित ठेवलेलं सामान भिजलं. "इथं येत नाही" म्हणून थांबलेली माणसं अडकली आणि त्यांना बोटीतून काढावं लागलं. १८६९ पासून चालत आलेल्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं चिखल झाली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि त्यात १७ जणांचा जीव गेला.

त्या दिवसांत आकडा तासातासाला येत होता. तो चुकीचा नव्हता. पण तो ज्याच्याशी ताडून पाहायचा ती जुनी खूणच अपुरी पडली होती. ५५ या आकड्याचा अर्थ सांगू शकेल असं जिवंत माणूस गल्लीत नव्हतं.

दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा ५५ च्या आसपास गेलं. या वेळी चित्र बरंच निराळं होतं. बाजारपेठेत ट्रक आणि टेम्पो आधीच लागले, दुकानं रिकामी होऊ लागली. २०१९ नं लोकांना नवे आकडे दिले होते. अनेक भिंतींवर आता दोन खुणा दिसतात, खालची २००५ ची, वरची २०१९ ची.

काही गोष्टींना मात्र दुसरी संधी मिळत नाही. हरिपुरात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले हे बंद हौद, त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५ चं पाणी पेवांत शिरलं आणि त्यातली बरीचशी कायमची गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर हळद गोदामांत आणि शीतगृहांत जाऊन बसली होती.

एक आकडा, तीन अर्थ

याच पाण्याची बातमी नृसिंहवाडीत वेगळ्या शब्दांत येते. तिथं नदी दत्त मंदिरात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबून लोक येतात. पाणी चढताना "चढता" आणि उतरताना "उतरता" दक्षिणद्वार. सांगलीत जी धास्ती, ती काही किलोमीटर खाली पर्वणी असते.

आणि सांगली जिल्ह्याच्याच पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आहेत. तिथं जुलैतही आभाळ कोरडं असू शकतं. म्हैसाळ आणि टेंभूच्या उपसा योजना पुराचं पाणी उचलून तिकडं न्यायला लागतात तेव्हा जतकर आयर्विनच्या आकड्याकडं आशेनं बघतो. याच कृष्णेचं पाणी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून तहानलेल्या लातूरला गेलं होतं. त्याला जेमतेम तीन वर्षं झाली असताना महापूर आला.

आज हा आकडा कळायला पुलावर जावं लागत नाही. पाटबंधारे खात्याची नोंद जिल्हा माहिती कार्यालयाच्या पत्रकात येते, तिथून वर्तमानपत्रात आणि त्याच्या कितीतरी आधी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. महापालिकेची भोंग्याची गाडी फिरते ती शेवटची. या घाईत जुन्या महापुराचे व्हिडिओ नव्या तारखेनं फिरतात आणि "धरणाला धोका" अशी अफवाही दर वर्षी एकदा डोकं वर काढते. मग कुणीतरी वैतागून लिहितो, "पुलावर जाऊन बघून आलोय, एकोणचाळीस सहा इंच." पुलावर जाऊन आलेल्याचा शब्द अजून ग्रुपवर चालतो.

भाद्रपद लागतो. संस्थानच्या मंदिरात प्रतिपदेला गाजावाजा न करता चोर गणपती बसतो, घाटावरचा गाळ काढायला सुरुवात होते आणि आयर्विनचा आकडा पहिल्या पानावरून आत जातो, मग नाहीसा होतो. पण ५ लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या या महापालिका क्षेत्रात तो बारा महिने एका ठिकाणी जिवंत असतो. भाड्याचं घर बघायला आलेलं नवं जोडपं खोल्या पाहतं, नळ सोडून पाहतं, खिडकीतून वारा येतो का ते पाहतं. मग त्यांच्यासोबत आलेली एखादी इथलीच मावशी घरमालकाला विचारते, "किती फुटाला येतं?" मालक जरा थांबतो. "पाचला नव्हतं आलं," तो म्हणतो. मावशी भिंतीकडं बघत असते. "पाचचं नको सांगू. एकोणीसला किती होतं ते सांग."