रंग देवाचा, श्वास कारागिराचा

श्रावण सरत आला की पेण-हमरापूरच्या बाजूला गणपतींच्या कारखान्यांतून काँप्रेसरची घरघर रात्री उशिरापर्यंत ऐकू येते. अंगाचा रंग, पीतांबराची छटा, मुकुटावरचे सोनेरी तेज हे सारे आता फवाऱ्याने चढते. कुंचल्याकडे उरली ती मुख्यतः डोळ्यांची आखणी. हाच फवारा अलीकडे घराघरांतही शिरला आहे. आरासीसाठी पुठ्ठ्याची देवळे, लाकडी रथ, गडकोटांच्या लहान प्रतिकृती करणारे हौशी तरुण बोटभर लांबीचा एअरब्रश नाहीतर रंगाचा फवारा-डबा घेऊन खोलीच्या कोपऱ्यात बसतात. बाहेर पाऊस कोसळत असतो. ओल आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या असतात. धोक्याचा उगम आहे तो नेमका येथे.

मूर्तीच्या रंगाने नदी-तलावांचे पाणी बाधू नये, याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली विसर्जनासंबंधी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही विषारी रंगांचा निषेध आहे. ते सर्वथा योग्यच होय. परंतु वाचकहो, जो रंग दीड दिवसाने वा दहा दिवसांनी पाण्याला भेटणार, तो त्याआधी कोणाच्या तरी छातीत उतरून आलेला असतो. पाण्याची चिंता वाहणाऱ्या समाजाने त्या छातीची चिंता का वाहू नये?

फवाऱ्यातून दोन निरनिराळ्या वस्तू बाहेर पडतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. एक तुषार व दुसरी वाफ. तुषार म्हणजे रंगाचे सूक्ष्म कण. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. या कणांतले कित्येक दहा मायक्रॉनहूनही लहान असतात आणि नाकातील केसांना चुकवून श्वासनलिकेत खोल जातात. वाफ ही थिनरची, म्हणजे टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन अशा द्रवांची. तिने डोके जड होते, घेरी येते, मळमळते. वर्षानुवर्षे ती घेतल्यास मज्जासंस्थेला इजा पोहोचते. गर्भवती स्त्रिया व मुले यांनी त्या खोलीत थांबूच नये. ‘आमचा रंग पाण्यातला आहे’ असे सांगून निर्धास्त राहणारेही आहेत. पाण्यातल्या ॲक्रिलिक रंगात वाफ कमी हे खरे. परंतु तुषार तोच, आणि फुप्फुसाला त्याचा भार तेवढाच.

आता मुखवट्याविषयी. नाकावर बांधलेला रुमाल फवाऱ्यापुढे जवळजवळ निरुपयोगी होय. एन-95 जातीचा मास्क कण अडवितो, वाफ मात्र त्यातून सहज आरपार जाते. वाफेसाठी रबरी मुखवटा हवा. त्याच्या दोन्ही अंगांना सक्रिय कोळशाची कार्ट्रिज आणि त्यांवर कण अडविणारी गाळणी असते. मुखवटा बसला की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे: दोन्ही कार्ट्रिजवर तळवे ठेवून श्वास आत ओढावा, मुखवटा चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक, कडेने हवा शिरली तर पट्टे पुन्हा आवळावेत. दाढीच्या केसांतून वाट राहतेच. दाढी राखणाऱ्याने हे विसरू नये. कोळसा उघड्यावर ठेवला तर काम नसतानाही हवेतले घेत राहतो व लवकर भरतो. म्हणून काम संपताच तो हवाबंद डब्यात ठेवावा, आणि मुखवट्याच्या आत वास येऊ लागण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने बदलावा. मोटारींवर मारतात तो दोन डब्यांतले द्रव मिसळून करावयाचा पॉलियुरेथेन रंग मात्र घरी फवारूच नये. त्यातील आयसोसायनेटने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे त्याचा अल्पसा संपर्कही झटका आणतो.

मुखवटा ही शेवटची ढाल होय. पहिला उपाय वारा. छताचा पंखा हवा नुसती घुसळतो, वातानुकूलन यंत्र तीच हवा फिरवीत राहते. हवा बाहेर गेली पाहिजे, आणि तिच्या जागी ताजी आत आली पाहिजे. प्रतिकृती रंगविण्यास तीन बाजूंनी बंद अशी पेटी करावी, तिच्या पाठीला गाळणी व पंखा बसवावा आणि रुंद नळी खिडकीबाहेर सोडावी. पेटीच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असावा. तोंड 60 सेंटीमीटर रुंद व 45 सेंटीमीटर उंच असेल, तर मिनिटाला सुमारे 8 घनमीटर हवा ओढली गेली पाहिजे. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, गाळणी व नळीच्या अडथळ्याने तो घटतो. तेव्हा पंखा बराच अधिक क्षमतेचा घ्यावा. बसणाऱ्याच्या पाठीमागून ताजी हवा यावी, पुढून मळकी जावी. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी उदबत्तीचा धूर पेटीसमोर धरून तो कोणीकडे वळतो ते पाहावे व उदबत्ती पूर्ण विझवावी.

विझविण्याचे हे सांगणे वरवरचे नव्हे. थिनरची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दिसत नाही. फवारा-डब्यात दाबाने भरलेला वायू पुष्कळदा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. आणि आपल्या घरात तर समई जमिनीवर तेवत असते, देवापुढे निरांजन असते! एका खोलीतली वाफ दाराखालून दुसऱ्या खोलीतल्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून फवारणी चालू असताना घरात ज्योत नको, ठिणगी पाडणारे बटण वा मोटर जवळ नको. पेटीचा पंखाही असा घ्यावा की त्याची मोटर वाहत्या वाफेच्या वाटेत येणार नाही. रंग संपल्यावर एअरब्रश धुताना थिनर हवेत उडवितात, तेव्हा वाफ सर्वांत दाट असते. ते काम पेटीतच, मुखवट्यासह करावे. रंगविलेली वस्तू वाळेपर्यंत वाफ सोडीतच असते. तोवर पंखा चालू ठेवावा. हातांत नायट्राइलचे मोजे व डोळ्यांना चष्मा असावा. घासावयाची वस्तू जुनी असेल तर तिच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा 2017 पासून लागू झाली; त्यापूर्वीचा थर कोरडा घासू नये.

आमचा धंदा गळ्याचा. पूर्वरंगापासून उत्तररंगापर्यंत आम्ही ज्याच्या बळावर उभे असतो तो केवळ श्वास. ‘प्राण’ हा शब्द ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे या धातूपासून आला आहे. चतुर्थीला मृण्मय मूर्तीत आपण मंत्रांनी प्राणप्रतिष्ठा करितो. ती मूर्ती रंगविणाऱ्याच्या देहात प्राण आधीच प्रतिष्ठित आहे. त्यासाठी मंत्र लागत नाही, उघडी खिडकी लागते. यंदा मूर्ती आणावयास जाल तेव्हा कारखान्याच्या मालकाला एवढे अवश्य विचारा की रंगाऱ्यांना मुखवटे दिले आहेत काय, आणि रंगाची हवा कोठून बाहेर जाते. घरी मुलगा प्रतिकृती रंगवीत असेल, तर त्याच्या हाती रंग देण्यापूर्वी मुखवटा द्या.