टोल्यामागचा संयम

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात बेब रूथ याने १९२७ च्या एका हंगामात साठ वेळा चेंडू टोलवून ‘होमरन’ मिळवले व तो साऱ्या देशाचा लाडका झाला. हा रूथ जन्मला १८९५ साली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी नागपुरात जन्मास आलेल्या कर्नल सी. के. नायडूंची ओळख मात्र घरातील तरुण मंडळीस करून द्यावी लागते. वऱ्हाड व नागपूर १९०३ पासून १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदले. तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे येथील वाचकांसही नायडू आपलेच वाटावेत.

नायडूंचे घराणे तेलुगू. परंतु बालपण व शिक्षण नागपुरातले. १९१६ साली मुंबईस हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम उतरले, तेव्हा डाव कोसळत होता. नवख्या तरुणाने तीन चेंडू शांतपणे अडवले आणि चौथा सरळ षट्कारास धाडला. आमच्या मते नायडूंचे सारे चरित्र या चार चेंडूंत आहे. जोर पुष्कळांच्या मनगटात असतो. कोणता चेंडू अडवावा व कोणता टोलवावा हा विवेक थोड्यांपाशी असतो.

१ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर हा विवेक सर्वांस दिसला. समोर गिलिगनचा बलाढ्य एम. सी. सी. संघ. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यात तेरा चौकार व अकरा षट्कार! गोऱ्या राज्यकर्त्यांचा खेळ त्यांच्याच संघापुढे आपला मनुष्य इतक्या निर्भयपणे खेळतो, हे पाहून प्रेक्षकांस जे वाटले असेल ते सांगावयास नकोच.

१९२८ साली क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले व १९३२ साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला. दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. पण कसोटीच्या वेळी नेतृत्व नायडूंकडे आले. पहिल्या डावात भारताच्या सर्वाधिक, चाळीस, धावा त्यांच्याच. पुढे १९३६ च्या दौऱ्यात नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांस मिळाले. गुणापेक्षा वैभवास मान मिळालेला पाहून दुसरा कोणी रुसून बसता. नायडू खेळत राहिले, आणि ओव्हलवर त्यांनी ८१ धावा केल्या. कसोटीतील त्यांची हीच सर्वोच्च धावसंख्या ठरली.

कसोटी सामने त्यांच्या वाट्यास अवघे सात आले, तेही वयाच्या छत्तिसाव्या वर्षानंतर. परंतु १९२३ पासून होळकरांच्या आश्रयाने इंदुरास राहून त्यांनी जो संघ घडवला, त्याने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात, पन्नाशी गाठल्यावर, त्यांनी बडोद्याविरुद्ध द्विशतक ठोकले! १९५६ साली पद्मभूषण मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरास त्यांचे देहावसान झाले.

अंगणात चेंडू टोलवणाऱ्या मुलास ‘आततायी’ म्हणून दटावण्यापूर्वी वडील मंडळींनी त्यास ते पहिले तीन चेंडू अवश्य सांगावेत. चौथ्याचे तो आपण पाहून घेईल.